गच्चीवरचे एडवर्ड

काटेसावरीचं फूल पडताना आवाज करतं. बकुळ, पारिजात ही आपल्या कवितांतली फुलं निःशब्द ओघळणारी. सावरीचं मात्र जाड, मेणचट, तळहात भरून टाकणारं; ते फांदी सोडतं ते थेट 'धप्' करून जमिनीवर बसतं. फरीदाबादच्या आमच्या वसाहतीच्या भिंतीपलीकडे असं एक झाड आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळचा चहा हातात असताना, त्याचा पहिला 'धप्' कानी येतो आणि मला इंग्लंडचे राजे आठवतात.

आजचे नव्हेत, पाच-सहाशे वर्षांपूर्वीचे. अंगावर केसाळ कातड्यांचे झगे, पायांशी ओले कुत्रे, भिंतींवर गारठा अडवण्यासाठी टांगलेले विणकामाचे पडदे आणि बाहेर अखंड भुरभुरणारा पाऊस. दिल्लीच्या कोरड्या, लख्ख, धुळकट उन्हात त्यांची आठवण यावी हे विचित्रच. पण त्यांची माझी ओळख याच उन्हात झाली, आणि ती डोळ्यांनी नव्हे, कानांनी झाली.

दिल्लीचा मार्च महिना मोठा गोंधळलेला असतो. कडुनिंब पिवळा होऊन झडत असतो आणि त्याच फांदीवर तांबूस कोवळी पालवी फुटत असते. एकाच झाडावर निरोप आणि स्वागत. सकाळी शाल लागते, दुपारी पंखा. कूलरच्या जाळ्यांत वाळ्याचं नवं गवत भरलं जातं आणि त्याला पहिलं पाणी मिळालं की घरभर ओल्या मातीचा हिरवा वास पसरतो. माझ्या मनात तो वास परीक्षेचा आहे. डेटशीट, म्हणजे पेपरांचं वेळापत्रक, कपाटाच्या दाराला चिकटवलेली, आणि बोटांना शाई.

मी सतरा वर्षांची होते. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, आम्ही दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या दुमजली क्वार्टरमध्ये वरच्या मजल्यावर. जिना आणखी वर चढून गच्चीवर संपत असे आणि त्याच्या टोकाशी, पत्र्याच्या दाराच्या आत, एक टेबल मावेल एवढी जागा होती. ती माझी अभ्यासिका. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली तेव्हा आईने मला देवासमोर उभं केलं आणि इतिहासाच्या पुस्तकावर हात ठेवायला लावून वदवून घेतलं, की शेवटचा पेपर होईपर्यंत गोष्टीच्या पुस्तकाला हात लावणार नाही. मी शपथ घेतली. हाताचीच घेतली; कानांचा विषय निघाला नाही.

त्याच सुमारास खालच्या मजल्यावरच्या सुशीलामावशीने दर्यागंजच्या रविवारच्या फुटपाथवरून चार जाडजूड इंग्रजी खंड आणले. मावशी नगरची, ख्रिस्ती घरातली. तिच्या मराठीला प्रार्थनामंदिरातली संथ लय होती. साधी भाजी निवडतानाही ती बोलू लागली की काहीतरी महत्त्वाचं घडणार आहे असं वाटे. चारही खंडांत मिळून एकच कादंबरी होती, इंग्लंडच्या राजघराण्याची. आईला मराठीखेरीज वाचता येत नव्हतं, पण गोष्टीवाचून तिचं एक दुपारही भागत नसे. तेव्हा ठरलं असं: मावशीने सकाळी एक प्रकरण वाचायचं आणि दुपारी गच्चीवर, आई साबुदाण्याच्या पापड्या आणि कुरडया वाळत घालत असताना, ते मराठीत सांगायचं.

मावशीचा एक नियम होता. पुढचं पान म्हणून वाचायचं नाही. "पुढचं माहीत असलं ना, की सांगणाऱ्याच्या आवाजाला ते कळतं," ती म्हणायची, "आणि आवाज चहाडखोर असतो."

गच्चीवर पानिपतहून आणलेली निळी सतरंजी अंथरलेली असे. दिल्लीतली मराठी कुटुंबं संक्रांतीला पानिपतला जात, तिथल्या रणभूमीला नमस्कार करत आणि येताना हातमागाची चादर नाही तर सतरंजी घेऊन येत. दोन्ही गोष्टी तितक्याच निष्ठेने. त्या सतरंजीवर मावशी, आई आणि तिसरी कमलेश आंटी. ती समोरच्या क्वार्टरमधली, पंजाबी. तिला मराठी निम्मं समजे. उरलेलं ती हट्टाने विचारून घेई. "एक मिनट, एक मिनट. ये जो मरा, ये कौन-सा वाला था?"

प्रश्न रास्त होता. त्या घराण्यात माणसं शेकडो आणि नावं मोजून चार. बाप एडवर्ड, मुलगा एडवर्ड, शत्रूचा मुलगाही एडवर्ड. पहिले तीन दिवस सगळ्यांचाच गोंधळ उडाला. चौथ्या दिवशी आईने पदर खोचला आणि आपल्या माणसांना लावतो तशी त्यांना विशेषणं लावून टाकली. थोरले एडवर्ड, धाकटे एडवर्ड आणि जो पराक्रमी होता तो सवाई एडवर्ड. लाल गुलाब आणि पांढरा गुलाब, घराण्याच्या या दोन शाखांचं वैर तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे थोरली पाती आणि धाकटी पाती," ती म्हणाली. "भाऊबंदकी. त्यात काय अवघड आहे?"

आणि तिने वाळत घातलेल्या पापड्यांतच वंशवृक्ष मांडला. इकडच्या ओळीत थोरली पाती, तिकडच्या ओळीत धाकटी. राण्यांना कुरडया, कारण त्यांच्यावर मुकुटासारखी नक्षी. मावशी सांगू लागली की आई बोट दाखवून विचारी, "हीच ना ती, जिचा नवरा वेडसर आहे?" एकदा ऐन लढाईत कावळा उतरला आणि थोरल्या पातीच्या त्या वेडसर हेन्रीला चोचीत धरून कडुनिंबावर जाऊन बसला.

"गया!" कमलेश आंटी ओरडली.

"जाऊ दे," आई शांतपणे म्हणाली. "तसाही तो राज्याला कुचकामीच होता."

मी आत, पत्र्याच्या दाराच्या फटीपाशी, मोगलांच्या जमीन महसुलाची पद्धत पाठ करत असे. एक परिच्छेद महसूल, एक परिच्छेद कान. दार मी ओढून घेतलेलं असे. पण ते पुरतं लागत नाही हे आईला माहीत होतं आणि तिने ते कधी दुरुस्त करून घेतलं नाही. फार शृंगारिक प्रसंग आला की मावशी दाराकडे पाहून खाकरायची आणि जाहीर करायची, "इथे मी दोन पानं एकदम उलटते." कमलेश आंटीला ते मंजूर नसे. "बिल्कुल नहीं! कान में बोलो." मग बराच वेळ नुसती कुजबुज आणि हसू ऐकू येई, आणि माझा महसूल त्या दिवशी तिथेच थांबे.

काय होतं त्या कादंबरीत, की तीन बायकांनी रोजची दुपारची झोप सोडावी? पुष्कळदा मी हा विचार केला आहे. आमच्यापाशी नसलेलं सगळं तिच्यात होतं, हे एक. मावशी बर्फावरून धावणाऱ्या घोड्यांच्या नाकातली वाफ सांगे आणि त्या उन्हात आई नकळत पदर खांद्यावर ओढून घेई. मधाचं मद्य, मेणबत्त्यांचा मेणवास, भिजलेल्या लोकरीचा कुबट उबारा. मी एकही ओळ डोळ्यांनी वाचली नव्हती, तरी त्या महालाच्या दगडी जिन्याचा गारवा माझ्या तळव्यांना माहीत होता. आणि दुसरं असं, की आमच्यापाशी असलेलंही सगळं तिच्यात होतं. सून सासूसमोर बसते की उभी राहते, लग्नात कुणाचं आसन कुणाच्या वर मांडलं म्हणून कोण रुसलं. मुकुट काढून ठेवले की ती माणसं ओळखीच्याच घरातली निघत.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सवाई एडवर्ड वारला. आजारपण थोडं, वय चाळिशीचं. मागे राणी आणि लेकी, शिवाय दोन लहान मुलगे. एक बारा वर्षांचा, एक नऊ-दहाचा. आईने पापड्या अर्ध्यात सोडल्या आणि ती खाली निघून गेली. दुसऱ्या दिवशी गुढी उभारली, कडुनिंबाची पानं वाटली. पण ताटात श्रीखंड नव्हतं. चक्का तसाच फडक्यात टांगलेला.

"श्रीखंड कुठेय?" बाबांनी विचारलं.

"उद्या. आज नको वाटतं."

"का? कोण गेलं?"

"एडवर्ड."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वरणभात कालवत राहिले. "त्याचं सुतक आपल्याला कुठल्या नात्याने?" त्यांनी फार गंभीरपणे विचारलं.

"महिनाभर रोज दुपारी येत होता तो आपल्याकडे," आई म्हणाली आणि तिने भात वाढला.

राजा गेल्यावर प्रश्न आला मुलांचा. मावशीने सांगितलं, की राजाचा धाकटा भाऊ, म्हणजे मुलांचा काका, त्यांना सांभाळायला राजधानीकडे निघाला आहे.

"काका?" आईचा हात हवेतच थांबला. "म्हणजे संपलंच."

मराठी घरात वाढलेल्या बाईला, गादीवरचा पोरका पुतण्या आणि त्याचा सांभाळ करणारा काका, एवढं सांगितलं की पुढे ऐकावं लागत नाही. शनिवारवाड्याचे दरवाजे तिच्या मनात आपोआप लागत जातात. पण कमलेश आंटीला तो वाडा ठाऊक नव्हता.

"क्यों संपलं? चाचा है. पाल लेगा," ती म्हणाली. "मेरे को भी चाचा ने ही पाला."

ते आम्हाला माहीत होतं. पण ती ते कधी बोलत नसे. त्या दुपारी बोलली. फाळणीत ती दहा-अकरा वर्षांची होती. गाडी बदलायच्या एका स्टेशनावर गर्दी आली आणि हातातला सहा वर्षांच्या भावाचा हात सुटला. तिला काकाने दिल्लीला आणलं, वाढवलं, लग्न करून दिलं. भाऊ मिळाला नाही. मटाराच्या शेंगा सोलत तिने हे सांगितलं, दाण्यांचा आवाज ताटलीत टपटप होत राहिला. मग ती मावशीला म्हणाली, "तुम आगे बोलो. मुन्ने कहाँ पहुँचे?"

त्या दिवसापासून ती गोष्ट राजांची उरली नाही. ती दोन मुलांची झाली. काकाने त्यांना नदीकाठच्या मोठ्या किल्ल्यात नेलं, राज्याभिषेकापर्यंत सुरक्षित राहावीत म्हणून. हिरवळीवर ती बाण मारून खेळताना लोकांना दिसत. मग खिडकीत दिसत. मग आतल्या खिडकीत. कमलेश आंटी रोज जिना चढतानाच विचारी, "मुन्ने ठीक हैं?" आणि मावशी म्हणे, "आजपर्यंत तरी ठीक आहेत."

आणि तिथेच मावशीच्या यजमानांची बदली शिलाँगला झाली.

सरकारी वसाहतीत ही गोष्ट इतकी नेहमीची, की तिचं दुःखही घाईत करावं लागे. खोकी आली, भांडी वर्तमानपत्रांत गुंडाळली गेली. मावशीने तिसरा खंड कसाबसा संपवला, तो मुलं आतल्या खिडकीतही दिसेनाशी झाली त्या पानापर्यंत. माझे दोन पेपर अजून राहिले होते. सामानाचा ट्रक फाटकाशी उभा असताना ती जिना चढून माझ्या टेबलापाशी आली. तिच्या हातात चौथा खंड होता.

"मी उघडलेला नाही हं," ती म्हणाली. "परीक्षा झाली की वाच. आईला सांग, कमलेशला सांग. आणि मला पत्राने कळव, मुलांचं पुढे काय झालं ते."

"तुम्हीच घेऊन जा ना, मावशी. तिकडे वाचाल."

"आणि तिथे सांगू कुणाला?" ती म्हणाली, आणि माझ्या शपथेचा मान राखून तिने पुस्तक माझ्या हातात न देता टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं.

शेवटचा पेपर भूगोलाचा. घरी आले, हातपाय धुतले आणि पुस्तक उघडलं. इतके दिवस कानांनी पाहिलेलं जग पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आलं, तर ते मला थोडं परकंच वाटलं. त्यात 'सवाई' हा शब्द कुठेच नव्हता. दीड दिवस मी वाचत होते. मुलं वाचली नाहीत. लेखकाने ते अगदी स्पष्ट लिहिलं होतं: दोन माणसं, एक उशी, दगडी जिन्याखाली खणलेला खड्डा. पुढे कितीतरी वर्षांनी एक तरुण समुद्रापलीकडून आला आणि म्हणाला, मीच तो धाकटा. त्याला तोतया ठरवून फासावर दिलं.

वर आई पापड्यांचे डबे भरत होती. गच्चीवरून कमलेश आंटीची हाक आली, "परीक्षा की रानी! ऊपर आ. मुन्नों का बता."

मी पुस्तक छातीशी धरून जिना चढले. इतिहास हा माझा आवडीचा विषय होता. खरं तेच सांगायचं, हे मला त्या वयात फार मोठं तत्त्व वाटे. सतरंजीवर बसले. कमलेश आंटीच्या मांडीवर मटारांची परडी. तिने एक शेंग हातात घेतली होती आणि ती सोलत नव्हती.

"तर त्या किल्ल्यात..." मी सुरुवात केली.

"किल्ले में एक धोबन थी," आई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती डब्यात पापड्या रचत होती, मान खाली. आईचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. पण त्या दुपारी ती त्या मोडक्या हिंदीत सलग अर्धा तास बोलली. धोबीण दर सोमवारी किल्ल्यातले कपडे न्यायला यायची. तिच्या दोन टोपल्या, आणि टोपल्या केवढ्या, तर एकेकीत एक मूल मुटकुळं करून सहज मावेल अशा. पहारेकऱ्याने विचारलं, आज एवढं जड काय? धोबीण म्हणाली, "राजा के घर का मैल है, भारी तो होगा ही." कमलेश आंटी इतकी हसली, की परडी कलंडली. मग नदी, मग होडी, मग समुद्र. समुद्रापलीकडे मुलांची सख्खी आत्या नांदत होती. ते मावशीने दुसऱ्या खंडात सांगितलेलं आईने बरोबर लक्षात ठेवलं होतं. आत्याने मुलांना न्हाऊ घातलं, पोटाशी घेतलं, वाढवलं.

"फिर?"

"फिर छोटावाला बड़ा होके वापस आया. सब बोले, तोतया है." इथे आई अडली, तोतयाला हिंदीत काय म्हणतात ते तिला सुचेना. मग तिने आमच्याकडची हकिगत सांगितली. पानिपतावरून जो परतला नाही, तो मीच, असं सांगत एक माणूस पुण्याला आला होता. आणि इकडे त्याची वाट पाहणाऱ्या बाईने कितीतरी वर्षं कुंकू पुसलं नव्हतं.

कमलेश आंटी सतरंजीच्या निळ्या काठाकडे पाहत होती. "आया था ना कोई?" ती हळूच म्हणाली. "तो रख लेते."

"इंग्लैंडवालों ने रख लिया," आई म्हणाली. "उसकी बहन आगे आयी. एकदम पहचाना उसने."

"कैसे?"

आईने एकदाच माझ्याकडे पाहिलं. सांग, असं ते पाहणं होतं. मी मिटलेलं पुस्तक उघडलं, त्याच्या घट्ट काळ्या इंग्रजी ओळींवर बोट ठेवलं आणि आयुष्यातली माझी पहिली गोष्ट सांगितली. "चलने से," मी म्हणाले. "वो सीढ़ी चढ़ते हुए एक पायदान छोड़ देता था. बचपन से."

कमलेश आंटीने शेंग सोलली. दाणे ताटलीत पडले, टप टप टप.

ती खाली गेल्यावर मी आईला विचारलं, "तुला कसं कळलं?"

"तू पाचव्या पायरीवर थांबलीस," ती म्हणाली. "पेपर सोपा गेलेली मुलगी पायरीवर थांबत नाही."

मी मावशीला फुलस्केपची सहा पानं लिहिली. धोबीण, टोपल्या, आत्या, पायरी, सगळं. हे पुस्तकात नाही, असं कुठेही लिहिलं नाही. खोटं बोलल्याची टोचणी लागेल असं वाटलं होतं. ती लागली नाही. उलट लिहिताना मी त्या होडीत बसले होते, पाणी माझ्या हातावर उडत होतं.

तेव्हापासून त्या राजांच्या किती कादंबऱ्या वाचल्या, आठवत नाही. दर मार्चमध्ये एक तरी वाचतेच. शेवट मला ठाऊक असतो. इतिहासाने त्यावर कधीच शिक्कामोर्तब करून टाकलेलं. तरी दर वेळी त्या किल्ल्यापाशी आले, की मी पान हळू उलटते आणि आधी खिडकीकडे बघते, सोमवार आहे का ते. ज्ञात शेवटाच्या अलीकडे आपल्याला थोडा वेळ थांबता येतं, आणि तेवढ्या वेळात सगळे जिवंत असतात. मला वाटतं, ऐतिहासिक कादंबरीचं सुख ते हेच.

मावशीचं उत्तर जूनमध्ये आलं. शिलाँगचा पाऊस, तिथल्या संत्र्यांची झाडं, नवं घर. आणि शेवटी हे: 'धोबीण मला फार आवडली. तिच्या बोलण्याची ढब कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली. इथल्या एका जुन्या वाचनालयाच्या विक्रीत मला चौथा खंड मिळाला. मात्र प्रत सदोष आहे. शेवटच्या प्रकरणांत छापणाऱ्याने भलतंच काही घातलं आहे. तुझी सहा पानं मी त्या जागी चिकटवून टाकली आहेत. कमलेशला सांग, माझ्याकडच्या पुस्तकातही तेच आहे.'

पुढे बऱ्याच वर्षांनी मी नगरला तिच्याकडे गेले तेव्हा तिने ते पुस्तक कपाटातून काढून दाखवलं. वाळलेल्या खळीचे पिवळे डाग आणि निळ्या शाईतलं माझं सतरा वर्षांचं, टपोरं अक्षर. मी ते परत ठेवायला गेले, तर मिटेना. शेवटाकडे ते इतकं जाड झालं होतं, की कितीही दाबलं तरी थोडं उघडंच राहत होतं.